पशु-आश्रयगृहे

पशु-आश्रयगृहे : धनी नसलेल्या, हरवलेल्या, टाकून दिलेल्या किंवा क्रूर वागणुकीतून सोडविलेल्या पाळीव प्राण्यांना, मुख्यतः कुत्र्यामांजरांना, ठेवून घेऊन त्यांच्या अन्नपाण्याची व औषधोपचाराची सोय करणाऱ्या आणि शक्य तेथे त्यांना नवे घर मिळवून देणाऱ्या संस्था. यांपैकी शेवटचे कार्य, म्हणजे प्राणी दुसऱ्याच्या स्वाधीन करणे, हे या संस्थांचे वैशिष्ट्य असून त्यामुळे त्या कोंडवाडा, पांजरपोळ व गोशाळा यांहून निराळ्या ठरतात. कोंडवाड्यात मोकाट गुरे अडकवून ठेवण्याचा हेतू पिकांचे रक्षण हा असतो. दंड व चारापाण्याचा खर्च भरून धन्याने गुरू सोडवून न्यावे, तो न आल्यास नोटीस लावून त्याचा लिलाव करावा, अशी व्यवस्था १८७१ च्या गुरे अतिक्रमण अधिनियमाने घालून दिली. लिलावात घेतलेल्या गुराला कसे वागवावे, याविषयी या कायद्यात काहीच नाही. पांजरपोळात याच्या उलट प्रकार असतो. तेथे आलेला प्राणी सामान्यतः मरेपर्यंत तेथेच राहतो. आश्रयगृह या दोहोंच्या मध्ये येते. प्राणी तेथे तात्पुरता असतो, म्हणून तो पुढे कोणाला द्यावा आणि घेणाऱ्याने त्याला कोठे ठेवावे, असे दोन प्रश्न तेथे अटळपणे उभे राहतात. दत्तक देण्याचे नियम त्यांतूनच निर्माण झाले. काळ व देश यांप्रमाणे ते पुष्कळच बदललेले दिसतात आणि घरात ठेवणे बरे की बाहेर, या एका मुद्यावर तर ते परस्परविरोधीही आहेत.

पांजरपोळाची परंपरा : आजारी व निराधार पशूंची सोय करण्याची प्रथा भारतात जुनी आहे. माणसांसाठी व पशूंसाठी अशा दोन प्रकारच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचा उल्लेख अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात येतो. मध्ययुगात गुजरातच्या जैन व वैष्णव व्यापाऱ्यांनी या प्रथेला संस्थेचे रूप दिले. १५८३ मध्ये भारतात आलेल्या राल्फ फिच या इंग्रज व्यापाऱ्याने लंगड्या कुत्र्यामांजरांसाठी व पक्ष्यांसाठी खंबायतेस रुग्णालये असल्याचे नमूद केले आहे. १६२३ मध्ये तेथे गेलेल्या प्येत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाने पक्ष्यांचे असे रुग्णालय आत जाऊन पाहिले. कापसाच्या गादीवर ठेवलेल्या उंदरांच्या पोरक्या पिलांना एक वृद्ध गृहस्थ पिसाने दूध पाजीत होता, असे तो लिहितो. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याची आणखी एक नोंद महत्त्वाची आहे. बरे झालेले रानपक्षी मोकळे सोडण्यात येत आणि माणसाळलेले पक्षी एखाद्या धर्मशील गृहस्थाच्या हवाली करण्यात येत. तो ते आपल्या घरी ठेवी. प्राण्याच्या प्रकृतीप्रमाणे त्याची जागा ठरविणे आणि घेणारा माणूस पारखून मगच प्राणी देणे ही दोन्ही तत्त्वे या साध्या प्रथेत आलेली आहेत. पुढे मात्र पांजरपोळांत ती फारशी वाढली नाहीत. सुरतेचे पांजरपोळ सतराव्या-अठराव्या शतकांतील युरोपीय प्रवाशांना नवलाचे वाटे. अहमदाबादेस किड्यामुंग्यांसाठीदेखील ‘जीवातखाना’ होता. या संस्थांचा खर्च व्यापारी आपल्या मालावर स्वखुशीने बसविलेल्या ‘लागा’तून चालवीत. जीव वाचविणे हे पुण्य. वाचलेला जीव पुढे कसा जगतो याचा हिशेब तेथे ठेवला जात नसे. असाध्य रोगाने पिडलेली जनावरेही दाटीवाटीने मरणाची वाट पाहत पडून असतात, हा आक्षेप पाश्चात्त्य निरीक्षकांनी वारंवार घेतला आणि तो सर्वस्वी निराधार नव्हता.

मुंबईच्या पांजरपोळाचा उगम मात्र वेगळ्या परिस्थितीत झाला. भटक्या कुत्र्यांचा उपद्रव कमी करण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने उन्हाळ्याच्या ठरावीक मुदतीत ती मारण्याचा हुकूम केलेला होता आणि प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवले होते. बक्षिसाच्या आशेने मारेकरी घरांच्या आवारांत शिरून पाळलेली कुत्रीही ओढून नेतात, अशी लोकांची तक्रार होती. पारशी समाजात मृतदेह कुत्र्याला दाखविण्याचा ‘सगदीद’ हा विधी असल्यामुळे कुत्र्याला धार्मिक महत्त्व आहे. ६ जून १८३२ रोजी, पारश्यांच्या एका पवित्र दिवशी, कोटात कुत्री मारणाऱ्यांवर जमाव चालून गेला. दुसऱ्या दिवशी हिंदू, जैन व मुसलमान व्यापारीही सामील होऊन दुकाने बंद राहिली आणि लष्कराला होणारा रोजचा पुरवठाही थांबला. सैन्य आणून दंगा मोडण्यात आला व अनेकांना अटक झाली. तथापि कुत्री मारण्याऐवजी ती शहराबाहेर नेऊन ठेवावीत, ही नागरिकांची मागणी सरकारला मान्य करावी लागली. ती कोठे ठेवावयाची, या प्रश्नाचे उत्तर म्हणून जमशेटजी जिजीभाई व अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने १८३४ मध्ये भुलेश्वर भागात पांजरपोळ स्थापन झाले. रस्त्यावरचे कुत्रे कोणाचे, सरकारचा हात घराच्या उंबरठ्याच्या आत कोठवर पोहोचावा, हे या दंग्यातील वादाचे मुद्दे पुढे शंभर-दोनशे वर्षे पुन्हा पुन्हा उपस्थित होत राहिले.

इंग्लंड व अमेरिका : आधुनिक आश्रयगृहाचा आरंभ लंडनमध्ये झाला. मेरी टील्बी या स्त्रीने १८६० मध्ये हॉलोवे येथे हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी ‘तात्पुरते’ गृह उघडले. माणसे उपाशी असताना कुत्र्यांचे हे लाड कशाला, अशी टिंगल वृत्तपत्रांनी केली. मात्र चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकात १८६२ मध्ये आलेल्या एका लेखाने लोकमत पुष्कळ अनुकूल केले. त्याच सुमारास इझ्लिंग्टन येथे भरलेल्या उमद्या कुत्र्यांच्या प्रदर्शनाशी या गृहातील दीनवाण्या कुत्र्यांची त्या लेखात तुलना केलेली होती. १८७१ मध्ये संस्था बॅटरसी येथे हलविण्यात आली व १८८३ पासून मांजरेही घेऊ लागली. १८६७ च्या कायद्याने लंडनच्या पोलिसांना मोकाट कुत्री पकडण्याचा अधिकार दिला होता. ती बॅटरसीला येऊन पडू लागली आणि खाजगी दानधर्माची संस्था शहराच्या कारभाराचे एक अंग बनली. येणारी कुत्री हजारोंनी आणि नेणारी माणसे थोडी, असे प्रमाण असल्यामुळे ठरावीक दिवसांत धनी न आलेल्या कुत्र्यांपैकी धडधाकट व देखणी कुत्री विकली जात, उरलेली मारली जात. हे मरण वेदनारहित व्हावे म्हणून बेंजामिन वॉर्ड रिचर्ड्‌सन या वैद्याने १८८४ मध्ये तेथे वायूची कोठी उभारून दिली. टील्बीबाईंनी योजलेला ‘तात्पुरते’ हा शब्द अशा रीतीने वेगळ्याच अर्थाने खरा ठरला.

घेणाऱ्यावर अटी घालण्याची पद्धत या विक्रीतून सुरू झाली. तिच्यामागे प्रथम होती ती भीती. त्या काळी लंडनमध्ये श्रीमंतांची कुत्री पळवून खंडणी उकळणाऱ्या टोळ्या होत्या. एलिझाबेथ बॅरेट या कवयित्रीचा ‘फ्लश’ हा कुत्रा तर तीन वेळा पळविला गेला. त्याहून मोठी भीती प्रयोगशाळांची होती. १९०६ च्या कुत्र्यांविषयक कायद्याने पोलिसांनी पकडलेले कुत्रे सात दिवस ठेवण्याचे बंधन घातले आणि असे कुत्रे जिवंतपणी चिरफाडीच्या प्रयोगांसाठी देण्यास किंवा विकण्यास मनाई केली. अमेरिकेत ही लढाई उशिरा व उलट दिशेने झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर वैद्यकीय संशोधनाची गरज पुढे करून काही राज्यांनी आश्रयगृहांतील बेवारशी प्राणी प्रयोगशाळांना देणे सक्तीचे केले. न्यूयॉर्कचा १९५२ चा मेटकाफ–हॅच कायदा त्यांपैकी प्रसिद्ध होय. तो रद्द होण्यास १९७९ साल उजाडले. प्राणी नेणाऱ्याचे नाव, पत्ता, व्यवसाय व हेतू विचारण्याची प्रथा आज अनेकांना आगाऊपणाची वाटते. पण तिच्या मुळाशी हा इतिहास आहे.

अमेरिकेतील पहिले आश्रयगृह सामान्यतः फिलाडेल्फियाचे मानतात. पेनसिल्व्हेनियातील प्राणिक्लेशनिवारक संस्थेच्या स्थापनेसाठी कॅरोलिन अर्ल व्हाइट या बाईंनी परिश्रम केले होते. परंतु स्त्री म्हणून तिच्या कारभारात त्यांना स्थान मिळाले नाही. तेव्हा १८६९ मध्ये त्यांनी संस्थेची स्त्रियांची शाखा काढली आणि गळफास टाकून कुत्री पकडणाऱ्या शहराच्या कोंडवाड्याऐवजी आश्रयगृहाची व्यवस्था केली. न्यूयॉर्कमध्ये पकडलेली कुत्री लोखंडी पिंजऱ्यात भरून पिंजरा नदीत बुडवीत. तेथील प्राणिक्लेशनिवारक संस्थेचा संस्थापक हेन्री बर्ग (संस्थेची स्थापना १८६६) हा कोंडवाडा चालविण्याची जबाबदारी पत्करण्यास तयार नव्हता; शहराचे हे काम हाती घेतल्यास आपली संस्था मारेकऱ्याची भूमिका करू लागेल, असे त्याला वाटे. त्याच्या मृत्यूनंतर १८९४ मध्ये संस्थेने ते काम स्वीकारले आणि ते सोडण्यास तिला जवळजवळ शंभर वर्षे लागली. १९७० च्या दशकात अमेरिकेतील आश्रयगृहांत दरवर्षी मारल्या जाणाऱ्या कुत्र्यामांजरांची संख्या एक कोटीहून अधिक असावी, असा अंदाज आहे. २०१९ च्या सुमारास ती दहा लाखांच्या आत आली.

हा फरक पडण्याचे मुख्य कारण दयाबुद्धीची वाढ हे नसून निर्बीजीकरण हे होय. लॉस अँजेल्स शहराने १९७० च्या आसपास स्वस्त निर्बीजीकरणाचे सार्वजनिक चिकित्सालय सुरू केले व इतर शहरांनी त्याचे अनुकरण केले. शस्त्रक्रिया केल्याशिवाय प्राणी द्यावयाचा नाही, किंवा ती करवून घेईपर्यंत अनामत रक्कम ठेवून घ्यावयाची, ही अट दत्तकपत्रात आली आणि पुढे कित्येक राज्यांनी तिला कायद्याचे रूप दिले. दत्तकनियमांपैकी ज्याची उपयुक्तता वादातीत आहे, असा हा बहुधा एकमेव नियम. संख्या आवाक्यात आल्यावर मारणे अपरिहार्य आहे हा समजही ढळू लागला. सॅन फ्रॅन्सिस्कोतील प्राणिक्लेशनिवारक संस्था व शहराचे प्राणी-नियंत्रण खाते यांनी १९९४ मध्ये करार करून घर देण्याजोग्या प्रत्येक कुत्र्यामांजराला घर मिळवून देण्याची हमी दिली. या कराराचा दाखला तेव्हापासून सर्वत्र दिला जातो.

हळूहळू अटींची यादी लांबत गेली. घरमालकाची लेखी परवानगी, कुटुंबातील सर्वांची संमती, आधीच्या पाळीव प्राण्यांच्या पशुवैद्याचा दाखला, संस्थेच्या माणसाने येऊन घर पाहणे, प्राणी नकोसा झाल्यास दुसऱ्या कोणास न देता संस्थेकडेच परत करणे, दिवसातून इतक्या तासांहून अधिक काळ त्याला एकटे न ठेवणे, इत्यादी. यांतील परत करण्याची अट प्राण्याच्या हिताची आहे, हे उघडच आहे. बाकीच्यांविषयी मतभेद झाले. भाड्याच्या खोलीत राहणारा कामगार, एकटी वृद्ध स्त्री, दिवसभर नोकरीवर असणारे दांपत्य हे सर्व अशा यादीमुळे आपोआप बाद होतात. तो प्राणी मात्र पिंजऱ्यातच राहतो आणि जागा अपुरी असल्यास मारला जातो. बाद झालेला माणूस बहुधा बाजारातून पिलू विकत घेतो व त्याला कोणी काही विचारीत नाही. पैसे न मोजता मिळालेल्या प्राण्याची किंमत माणसाला नसते, ही समजूतही तपासली गेली. शुल्क देऊन व शुल्काशिवाय मांजरे नेणाऱ्यांची तुलना करणाऱ्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दोघांच्या जिव्हाळ्यात उल्लेखनीय फरक आढळला नाही. अशा अनुभवांतून अनेक संस्थांनी लेखी चाचणीऐवजी मोकळ्या बोलण्यावर भर देणारी पद्धत स्वीकारली.

घरात की बाहेर : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पाश्चात्त्य देशांतही बहुसंख्य कुत्री अंगणातील खोपट्यात राहत आणि मांजरे रात्री बाहेर घालवीत. मांजराला सदासर्वदा घरात ठेवणे तर अव्यवहार्यच होते. वाळू किंवा राख भरलेल्या पेटीची दुर्गंधी सहन होत नसे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात राहणाऱ्या एडवर्ड लो याने १९४७ मध्ये शेजारणीला राखेऐवजी ओलावा शोषून घेणारी भाजकी माती दिली. पुढे त्याने तीच पिशव्यांत भरून विकण्यास सुरुवात केली. घरातच जन्म काढणारे मांजर ही कल्पना या क्षुल्लक वाटणाऱ्या शोधामुळे आणि निर्बीजीकरणामुळे शक्य झाली. मांजर बाहेर सोडणार नाही, अशी लेखी हमी अमेरिकेतील पुष्कळ आश्रयगृहे घेऊ लागली. वाहने, संसर्गजन्य रोग, कुत्री व कोल्हे यांच्यापासून संरक्षण हे एक कारण; पक्ष्यांचे रक्षण हे दुसरे. न्यूझीलंडमधील स्टीव्हन्स बेटावर १८९४ च्या सुमारास दीपगृहाबरोबर मांजरे आली आणि तेथील न उडणारा रेन पक्षी थोड्याच अवधीत नामशेष झाला, हे उदाहरण पक्षिशास्त्रज्ञ नेहमी देतात. मोकाट मांजरे अमेरिकेत दरवर्षी एक अब्जाहून अधिक पक्षी मारतात, असा अंदाज २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील मोठा वाटा पाळीव मांजरांचा नसून धनी नसलेल्या मांजरांचा आहे, ही गोष्ट वादविवादात बहुधा विसरली जाते.

ब्रिटनमध्ये नेमका उलटा नियम आढळतो. तेथील बहुतेक संस्था मांजराला बाहेर जाण्यास वाट असावी, अशी अपेक्षा धरतात. वर्दळीच्या रस्त्यालगत राहणाऱ्यास त्या मांजर नाकारतील. परंतु बाग असूनही ते कोंडून ठेवू इच्छिणाऱ्यासही सहज देणार नाहीत. आजारी, आंधळी किंवा अपंग मांजरे तेवढी ‘घरातील’ म्हणून दिली जातात. मांजराला झाडावर चढण्याची, दबा धरण्याची व आपला मुलूख राखण्याची उपजत ओढ असते, तिला वाव न मिळणे हेही एक प्रकारचे क्रौर्यच, असा त्यांचा युक्तिवाद आहे. तिसरा मार्ग ऑस्ट्रेलियाने धरला. राजधानी कॅनबेरा व परिसरात १ जुलै २०२२ नंतर जन्मलेले मांजर धन्याच्या आवारातच ठेवणे कायद्याने आवश्यक झाले. मात्र जाळी घातलेले अंगण चालते. मुंबईपुण्यातील संस्था मांजर देताना खिडक्या व गॅलरी यांना जाळी आहे की नाही हे प्रथम पाहतात. उंच इमारतीवरून पडलेल्या मांजरांचा शास्त्रीय अभ्यास न्यूयॉर्कमध्ये झाला. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात उपचारासाठी आणलेल्या १३२ मांजरांपैकी सुमारे ९० टक्के वाचल्याचे दिसते, पण जागीच मेलेली मांजरे दवाखान्यापर्यंत येत नाहीत हे लक्षात घ्यावयास हवे.

कुत्र्यांच्या बाबतीत सर्वांत जुनी व सर्वांत फसवी अट कुंपणाच्या अंगणाची. अंगण असलेल्या घरी कुत्रे सुखी राहील हे वरवर पटते. तथापि आश्रयगृहात आणून सोडलेल्या कुत्र्यांची तुलना ज्यांच्या धन्यांनी त्यांना सोडले नाही अशा कुत्र्यांशी करणाऱ्या १९९६ च्या एका अमेरिकन अभ्यासात असे दिसून आले, की दिवसाचा बहुतेक वेळ अंगणात किंवा पिंजऱ्यात घालविणाऱ्या कुत्र्यांवर ही पाळी अधिक येते. कुत्रा हा कळपात राहणारा प्राणी असून माणसाचे कुटुंब हाच त्याचा कळप बनतो. अंगणात टाकलेला कुत्रा त्यापासून तुटतो, सतत भुंकतो, जमीन उकरतो आणि या सवयींमुळेच नकोसा होतो. सतत साखळीने बांधून ठेवण्याचे परिणाम याहून वाईट होतात. कॅलिफोर्नियाने २००६ मध्ये केलेल्या कायद्याने कुत्र्याला दिवसातून तीन तासांपेक्षा अधिक काळ खांबाला बांधून ठेवण्यास बंदी घातली. पेनसिल्व्हेनियाने २०१७ मध्ये नऊ तासांची व कडक थंडी-उन्हात अर्ध्या तासाची मर्यादा घातली. असे असले, तरी बाहेर ठेवणे सर्वत्र सारखेच वाईट म्हणता येत नाही. मेंढपाळाचे कुत्रे रात्रभर वाड्याभोवती असते, पण धनीही तेथेच उघड्यावर झोपलेला असतो. वाडीवस्तीवरील राखणीचे कुत्रे ओट्याखाली पडून असते व घरातील प्रत्येकाच्या येण्याजाण्यावर त्याचे लक्ष असते. बंद पडलेल्या कारखान्याच्या दाराशी किंवा आठवड्यातून एकदा उघडणाऱ्या बंगल्यावर बांधलेल्या कुत्र्याला हे साहचर्य मिळत नाही. केवळ राखणीसाठी मागणाऱ्यास कुत्रे देऊ नये, हा भारतातील कित्येक आश्रयगृहांचा नियम या अनुभवावर आधारलेला आहे.

भारतीय कायदा या बाबतीत पाश्चात्त्य कायद्यांच्या मागे नव्हता. प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० याच्या अकराव्या कलमात प्राण्याला अवास्तव आखूड किंवा जड साखळीने अवास्तव काळ बांधून ठेवणे, नेहमी बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरविण्याची हयगय करणे, अन्न, पाणी व निवारा न देणे आणि वाजवी कारणाशिवाय प्राणी टाकून देणे हे सर्व अपराध ठरविलेले आहेत. त्यांबद्दल पहिल्या अपराधास दहा ते पन्नास रुपये दंड आहे. १९६० साली ती रक्कम थोडी नव्हती. पुढे साठ वर्षे ती बदलली नाही, त्यामुळे कलमे उत्तम असूनही त्यांचा धाक राहिला नाही. या कायद्यान्वये १९६२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा रुक्मिणीदेवी अरुंडेल या होत्या.

रस्त्यावरील कुत्री व आश्रयगृह : घर आणि बाहेर या विभागणीत न बसणारे भारतीय गावांतील व शहरांतील गल्लीचे कुत्रे ही आश्रयगृहाच्या कल्पनेची खरी कसोटी ठरली. त्याला धनी नसतो, पण चार घरचे शिळेपाके मिळते. ते बेवारशी असते, पण हरवलेले नसते. १९२६ मध्ये अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी आवारातील साठेक पिसाळलेली कुत्री मारविली, तेव्हा उठलेल्या वादळात महात्मा गांधींनी त्यांची बाजू घेतली. त्यांनी ‘यंग इंडिया’तून लेखमाला लिहून कुत्र्यांना रस्त्यात तुकडे टाकणे ही खोटी दया होय, प्रत्येक कुत्र्याला जबाबदार धनी असावा आणि तो मिळत नसेल तर पांजरपोळांनी त्यांची सोय करावी, असे प्रतिपादन केले. जैन समाजातून त्यांच्यावर कडाडून टीका झाली. दोन वर्षांनी आश्रमातील असाध्य आजारी वासरू इंजेक्शन देऊन मारविल्यावर तीच टीका पुन्हा झाली. मारावे की नाही या गदारोळात ‘प्रत्येक कुत्र्याला धनी’ ही गांधींची मूळ सूचना बाजूला पडली.

स्वातंत्र्यानंतरही नगरपालिका कुत्री मारीतच राहिल्या. अलर्क रोग (पिसाळ) आटोक्यात येत नव्हता आणि मारलेल्या कुत्र्यांच्या जागी उकिरड्यांच्या आधाराने नवी कुत्री येत होती. मद्रास येथे कॅप्टन व्ही. सुंदरम् यांनी १९५९ मध्ये स्थापन केलेल्या ब्ल्यू क्रॉस संस्थेने निर्बीजीकरण करून कुत्रे होते तेथेच परत सोडण्याचा पर्याय मांडला. तो तेथील महानगरपालिकेने स्वीकारण्यास १९९६ साल लागले. २००१ च्या नियमांनी हीच पद्धत देशभर लागू केली. त्यांची जागा २०२३ मध्ये नव्या नियमांनी घेतली. या पद्धतीत आश्रयगृहाचे काम शस्त्रक्रिया, लसीकरण व चार-पाच दिवसांची शुश्रूषा एवढेच उरते आणि रस्ता हेच कुत्र्याचे घर मानले जाते. २०१९ च्या पशुगणनेत देशात १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री मोजली गेली. एवढ्यांना पुरतील इतकी आश्रयगृहे कोणत्याही देशात नाहीत. पण मूल शाळेतून परतताना चावा घेणाऱ्या कुत्र्याबद्दल हा हिशेब त्याच्या आईबापांना सांगून उपयोग नसतो.

तुर्कस्तानात इस्तंबूल येथील हजारो कुत्री १९१० मध्ये एका ओसाड बेटावर नेऊन सोडण्यात आली व ती तहानभुकेने मेली. ती आठवण ताजी असलेल्या त्या देशाने २००४ मध्ये निर्बीजीकरण करून सोडण्याचा कायदा केला, आणि जुलै २०२४ मध्ये तो बदलून भटकी कुत्री आश्रयगृहात नेऊन दत्तक जाईपर्यंत तेथेच ठेवण्याचे बंधन नगरपालिकांवर घातले. पुढील वर्षी भारतातही हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ११ ऑगस्ट २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली व लगतच्या भागांतील सर्व भटकी कुत्री पकडून आश्रयगृहात ठेवावीत व परत सोडू नयेत, असा आदेश दिला. त्याविरुद्ध देशभर निदर्शने झाल्यावर २२ ऑगस्ट रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला. अलर्क रोग झालेली, त्याचा संशय असलेली किंवा आक्रमक कुत्री वगळता इतरांना शस्त्रक्रिया व लस देऊन मूळ जागी सोडावे, त्यांना ठरवून दिलेल्या ठिकाणीच खाऊ घालावे, असे त्याने सांगितले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके यांसारख्या आवारांपुरती पुन्हा आश्रयगृहात ठेवण्याची पद्धत आली.

ऑगस्टच्या दुसऱ्या आदेशात दत्तकासंबंधी एक तरतूद आहे. इच्छुक नागरिकांनी महानगरपालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरील कुत्रे दत्तक घ्यावे, आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्यांचीच राहील, असे न्यायालयाने म्हटले. घर पाहणे, अंगण, साखळी, एकटे ठेवण्याचे तास यांविषयी या आदेशात काही नाही. कुत्रे एकदा उंबरठ्याच्या आत घेतले की ते आतच ठेवावयाचे, एवढी एकच अट आहे.